आकडा

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या गल्लीत
आमचा बर्फाचा कारखाना.
रात्रपाळीला दोघंच, मी आणि भरमाणी.
अमोनियाचा वास आता मला येत नाही,
घरी गेल्यावर बायकोला येतो.

फेब्रुवारी. पहाटेचे पावणेतीन.
मिठाच्या पाण्यात उभे डबे,
डब्यांत गोठत चाललेलं नळाचं पाणी,
आणि खोक्याला टेकवलेल्या मोबाइलात
बर्फ.
एवढा बर्फ मी जन्मात पाहिला नव्हता,
आणि जन्म तर बर्फातच गेला.

"काय बघूलालास रे?"
"हॉकी."
"ही कसली हॉकी? बॉल कुठाय?"
बॉल नाही, चकती. काळी,
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी.
भरमाणी शाळेकडून लेले ग्राउंडवर हाफ खेळलेला.
त्याची स्टिक अजून आहे कारखान्यात;
लादी डब्याला धरून बसली
की तिनंच दोन ठोके घालतो.

पैसे लावलेत, हे त्याला सांगितलं नव्हतं.
गोकाकचा अंगडी, ओळख फोनवरचीच.
भाव मराठीत सांगतो, रक्कम कन्नडात.
"मूरु साविर, हौदल्ला?"
हौद्री म्हटलं.
तीन हजार. म्हणजे गाडीचं मागचं टायर
आणि मेव्हण्याचं अर्धं देणं.

क्रिकेटात हरलो, क्रिकेट सगळ्यांनाच कळतं म्हणून.
मटक्यात हरलो, मटका कुणालाच कळत नाही म्हणून.
पण बर्फ?
बर्फावर किती पाय नाचले की वरचा थर भुसभुशीत होतो,
ओरखड्यात पाणी कधी साचतं,
सरकणारी वस्तू कुठं अडखळेल,
हे मी बसल्या जागी सांगेन.
म्हणून लावलं: गोल नऊच्या आत.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.
हा सामना खरा नव्हताच.
वर्षभर एकमेकांचे दात पाडणारे
(हसले की पडलेले दात दिसत होते)
आज एका बाकावर, एका रंगाच्या सदऱ्यात.
सगळे निवडून आणलेले, एकापेक्षा एक,
आणि कुणालाच काही नको होतं.
धक्का नाही, अडवणं नाही.
लग्नात व्याही व्याह्याला जिलबी भरवतो
तसे एकमेकांना गोल करू देत होते.
गोलकीपर तर दारात आलेल्या पाहुण्याला
वाट देऊन बाजूला सरकत होता.
त्या अख्ख्या खेळात हरायची भीती
एकाच माणसाला. तो उद्यमबागेत,
स्वेटरवर गोणपाट बांधून.

पाच. सात. इंटरव्हलच्या आधीच आठ.
"अडव की बे! अडव की!"
भरमाणी स्टिक घेऊन धावत आला,
त्याला वाटलं चोर.

मग उभा राहिला माझ्या खांद्यामागं.
"ह्यांना मार्किंग येत नाही," म्हणाला,
"आमच्या सरांनी उन्हात उभं केलं असतं."
बराच वेळ गप्प.
स्टिकचं टोक फरशीवर हळूहळू फिरत होतं,
त्याला ते ठाऊक नसावं.
"पण सरकूलालेत बघ कसे."

चारला चोर्ला घाटातून मासळीची गाडी आली.
ड्रायव्हर डोळे चोळत उतरला,
बांगड्यांच्या वासासकट.
मी लादीत आकडा घातला.
आमच्यात आकडा म्हणजे हा:
लोखंडी, वाकडा, लाकडी मुठीचा,
तळहाताला त्याचा घट्टा.
अंगडीचा आकडा वेगळा. तोही आला होता,
खिशात दोनदा थरथरला.

"जिंकलं कोण शेवटी?" भरमाणीनं विचारलं.
दोन्ही संघांची नावं आठवेनात.
"सतरा," म्हटलं.
"सतरा कोण?"

ओल्या फरशीवर लादी सोडली.
सरळ जायची ती वळली,
गटाराच्या कडेला आदळली, कोपरा उडाला.
भरमाणीनं तो तुकडा उचलून तोंडात टाकला,
आणि गालात इकडून तिकडे फिरवत
दुसऱ्या लादीकडे गेला.